ग्रंथपालांचा ईमेल गट: मॉडरेशन कसं लावायचं, आणि टिकवायचा कसा?

ग्रंथपाल_अमळनेर
जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून महाविद्यालयीन आणि सार्वजनिक ग्रंथालयांतले दीडशेच्या आसपास ग्रंथपाल आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातच्या गर्दीत नॅक (महाविद्यालयांचं मूल्यांकन), अनुदान, कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) यांबद्दलची विचारणा वाहून जाते आणि महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा येतो. म्हणून ईमेल गट काढायचा आहे. गूगल ग्रुप्स पुरेल का? प्रत्येक मेल तपासूनच सोडायचा का? असे गट थंड का पडतात?

शिरपूरकर
सर, गूगल ग्रुप्स पुरेल. मेलमॅन हे ईमेल गट चालवायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालतं आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रवेश विनंतीवर ठेवा आणि विनंतीत ग्रंथालय, गाव, पद विचारा. सदस्ययादी फक्त व्यवस्थापकांना दिसू द्या. नव्या सदस्याचे मेल अडवा. दोन-तीन नीट आले की मोकळं करा. सरसकट सगळ्यांचे मेल अडवले, तर मॉडरेटर लग्नाला गेला की गट बंद.

उत्तर मूळ लेखकालाच जाईल अशी सेटिंग करा. नाहीतर ‘धन्यवाद सर’ दीडशे जणांना जातं, आणि एखाद्याचं खासगी उत्तरही.

मालक किमान तीन, प्रत्येक जिल्ह्यातून एक. एकाच्याच खात्यावर गट असेल तर त्याच्या निवृत्तीबरोबर किल्ली जाते. संग्रहाची प्रत दर सहा महिन्यांनी गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवायची सोय) उतरवून ठेवा. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला कायमचे बंद झाले. ज्यांनी आधी प्रत काढली नव्हती, त्यांच्या जुन्या चर्चा गेल्या.

शहादा_वाचनालय
उत्तराच्या सेटिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. उत्तरं फक्त विचारणाऱ्याला गेली, तर बाकीच्यांना नुसते प्रश्न दिसतात. गट थंड पडतो तो इथेच. पहिलं वर्ष उत्तरं गटालाच जाऊ द्या. पुढे गर्दी झाली की लेखकाकडे वळवा, पण मग विचारणाऱ्याने आठवड्याभरात मिळालेल्या उत्तरांचा सारांश गटावर टाकायचा, हा नियम पक्का हवा. सारांश आला नाही तर मॉडरेटरने आठवण करायची.

विषय-ओळीवर कडक राहा. ‘मदत हवी’ असा मेल परत करा. ‘ई-ग्रंथालय: बॅकअप रिस्टोअर होत नाही’ असा आला (ई-ग्रंथालय हेही ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) की जाणकार लगेच उघडतो आणि तो मेल दोन वर्षांनी शोधल्यावर सापडतोही. सुरुवातीला [लेख हवा], [सॉफ्टवेअर], [अनुदान], [नॅक], [पद] असे पाचच शब्द ठरवा.

मेल परत करताना कारण आणि दुरुस्ती दोन ओळींत लिहा. गप्प राहून मेल गाडला की माणूस दुखावतो आणि पुन्हा लिहीत नाही. मॉडरेटरची पाळी आठवड्याची ठेवा, आणि अडवलेला मेल २४ तासांत मार्गी लागलाच पाहिजे. कॉपीराइट असलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ गटावर सोडू नका.

ग्रंथपाल_अमळनेर
आभार, दोघांचेही. आमच्याकडे काहींचे याहूचे पत्ते आहेत, आणि काही जण श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप करतात. त्याने अडचण येईल का?

शिरपूरकर
दोन्हींनी येते. याहूने २०१४ पासून डीमार्क (खोटा प्रेषक ओळखायची पद्धत) धोरण कडक केलंय: याहूच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला मेल समोरचा नाकारतो. गूगल ग्रुप्स अशा वेळी ‘प्रेषक’ ओळीत गटाचा पत्ता घालतं, म्हणून मेल पोचतो. पण प्रेषक अमुक सर आहेत हे दिसावं म्हणून मेलखाली नाव, ग्रंथालय, गाव लिहायला लावा. मेलमॅनमध्ये हीच सोय मुद्दाम चालू करावी लागते.

श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फॉण्टमधला मजकूर समोर तो फॉण्ट नसेल तर नुसती अक्षरांची खिचडी दिसतो आणि शोधातही सापडत नाही. कुठल्याही यंत्रावर दिसणारं युनिकोडच हवं. स्कॅन केलेलं परिपत्रक जोडू नका. ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या आणि परिपत्रकाचा विषय, क्रमांक, दिनांक मेलमध्ये टाइप करा.

शहादा_वाचनालय
एक राहिलं. जूनमध्ये, निवृत्त्या-बदल्या झाल्या की, ज्यांवरचे मेल परत येतात ते पत्ते काढून टाका आणि नव्या ग्रंथपालांना बोलवा. आणि रोज मेल नको म्हणणाऱ्याला गट सोडू देण्याआधी डायजेस्ट (अनेक मेल एकत्र एकाच मेलमध्ये) लावून द्या.