चुलीवरची कडक भाकरी आतून चिवट का राहते?

प्रश्न
मोहोळ तालुक्यातील एका गावात आम्ही नुकतेच राहावयास आलो असून, शेजारच्या काकू आणि त्यांच्या सासूबाई, ज्यांना सारी गल्ली आक्का म्हणते, यांच्याकडून मी चुलीवर भाकरी भाजण्यास शिकत आहे. काकूंची भाकरी टम्म फुगते. माझी परतताना कडेला चिरते, आणि कडक भाकरी करावयास गेले तर ती वरून करपते व आतून चिवट राहते. पीठ मी सोलापुरातून येताना महिन्याभराचे दळून आणले आहे. दोष नेमका कोठे असावा?

प्रतिसाद १
चिरण्याचे कारण बहुधा ते महिन्याभराचे पीठच आहे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे उंडा बांधून धरण्याचे काम स्टार्चला करावे लागते, आणि पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. आठ दिवसांपुरतेच दळून आणावे, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर तीच घ्यावी. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या घरी तिचा मान त्याआधीपासूनचा आहे. पिठात उकळते पाणी घालावे आणि काठवटीत एका वेळी एकाच भाकरीचे पीठ तळहाताने रगडून मळावे.

प्रतिसाद २
पिठाइतकाच जाळही महत्त्वाचा आहे. भाकरी तव्यावर टाकताच वरून पाणी फिरवावे आणि ते पुरते सुकण्याआधी ती परतावी, कारण कोरडी पडलेली बाजू तडकते. तव्याखाली जाळ हवा. फुगवण्यासाठी मात्र भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करून फिरवत राहावी. कडक भाकरी याहून पातळ थापावी आणि नेहमीसारखी भाजून झाल्यावर, जाळ काढून घेतलेल्या तव्यावर फडक्याने दाबत सावकाश वाळवावी. मोठ्या जाळावर वरचा पापुद्रा करपतो आणि आतली वाफ आतच अडकते, म्हणून ती चिवट होते. गरम असताना डब्यात भरली तरीही ती मऊ पडते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
मनापासून आभार. आज काकूंकडचे ताजे पीठ घेतले. पहिल्या दोन भाकरी चिरल्या, तिसरी फुगली. कडक भाकरीसाठी आक्कांनी मला जाळ ओढून घ्यावयास लावले आणि भाकरीवर बोट वाजवून आवाज ऐकावयास सांगितला. माझ्या भाकरीचा मधला भाग अजून ठस्स वाजतो, तेव्हा उद्या ती आणखी पातळ थापून पाहीन.