चांदीचं कोटिंग असलेला कॅथेटर घ्यावा का?

सायली_क:
बाबांना पॅरालिसिस झाल्यापासून आठ महिने कॅथेटर (लघवीची नळी) आहे, दर तीन आठवड्यांनी सिस्टर घरी येऊन बदलून जातात. या महिन्यात दुसऱ्यांदा थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ, आणि काढलेल्या नळीच्या टोकाला त्या बारीक भोकांभोवती पांढरा थर, बोटाने चोळला तर खडूसारखा खरखरीत. मेडिकलवाला म्हणतो चांदीचं कोटिंगवाला घ्या, महाग आहे पण इन्फेक्शन होत नाही. खरंच फरक पडतो का? बाबांचे हाल बघवत नाहीत हो.

माधुरी_सिस्टर:
ताई, तो थर बहुतेक प्रोटियस जंतूंमुळे. ते लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, मग क्षार नळीवर साचतात आणि नळी तुंबते. आधी पाकीट बघा, लॅटेक्स आहे की पूर्ण सिलिकॉन. त्याच नंबरच्या सिलिकॉनला आतली जागा जास्त असते म्हणून तुंबायला वेळ लागतो, पण थर त्यावरही बसतोच. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका, नळी-पिशवीचा जोड उगाच सोडू नका. आणि ताप असताना लघवी उतरली नाही तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

निनाद_पॉलिमर:
मी याच विषयात काम करतो म्हणून लिहितो. ब्रिटनमध्ये ७ हजारांवर पेशंटवर चाचणी झाली होती, २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, चांदीच्या कोटिंगचा साध्या कॅथेटरपेक्षा फायदा दिसला नाही. ती थोड्या दिवसांच्या कॅथेटरवर होती, तरी माझं मत विचाराल तर त्यात पैसे घालू नका. नळी आत गेली की लघवीतली प्रथिनं तिच्यावर बसतात, कोटिंग झाकलं जातं आणि जंतू त्या थरावर घर करतात. म्हणून आता औषध लावण्यापेक्षा पृष्ठभागाचा आकारच बदलायचं चाललंय, शार्कच्या कातडीसारखी बारीक नक्षी काढली की जंतूंना चिकटायला अवघड जातं. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेने तर २०२४ मध्ये नळीच्या आत त्रिकोणी उंचवटे दिले, कारण जंतू प्रवाहाच्या उलट पोहत वर चढतात आणि उंचवट्यांपाशी होणाऱ्या भोवऱ्यांनी ते मागे लोटले जातात. लॅबमध्ये वर पोचणारे जंतू शंभर पटीने कमी झाले. पण ही उंचवट्यांची नळी अजून लॅबमधलीच आहे ताई, दुकानात मिळणार नाही. तुम्ही हाताला लागला म्हणता तो थर भोकांपाशीच का सुरू होतो माहितीये? कापलेली कड खडबडीत राहते तिथे, क्षार आधी तिथेच धरतात.

सायली_क:
पाकीट बघितलं, लॅटेक्सच आहे. सोमवारी डॉक्टरांना सिलिकॉनचं विचारते, आणि कायमची नळी काढून दिवसातून चार-पाच वेळा घालून काढता येईल का तेही. माधुरीताई, कल्चरला (कोणते जंतू आहेत त्या तपासणीला) लघवी पिशवीतून दिली तर चालते का?

माधुरी_सिस्टर:
अजिबात नको. नवीन कॅथेटर घातल्यावर त्यातूनच घ्यायला सांगा, आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी.