मानसशास्त्रात एम. ए. झालं, रिसर्च असिस्टंटचं काम कुठे शोधायचं?

गोदाकाठ
एम. ए. मानसशास्त्र (क्लिनिकल) झालं, ६१ टक्के. नेट (प्राध्यापकी आणि पीएच.डी.साठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अजून दिलेली नाही. लघुप्रबंधासाठी १२० जणांचा डेटा एसपीएसएसवर (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर) केला होता. पीएच.डी.च्या आधी एक-दोन वर्षं प्रकल्पावर काम करायचं आहे. नोकरीच्या साइटवर 'सायकॉलॉजी' टाकलं की शाळेतलं समुपदेशन आणि एचआर एवढंच येतं. या जाहिराती निघतात कुठे? नेटशिवाय कोणी घेतं का?

सोमवारची_यादी
प्रकल्पाला निधी मंजूर झाला की संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर एक-दोन पानांची पीडीएफ लागते. मुदत बरेचदा दहा-पंधरा दिवसांचीच असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन बघायला हवं. बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था निम्हान्स, मुंबईची सामाजिक शास्त्रांची संस्था टिस, आयआयटी मुंबईचा मानव्यविद्या विभाग, गांधीनगर आणि कानपूर आयआयटीतलं कॉग्निटिव्ह सायन्स, पुण्याचं केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर, गोव्यातली मानसिक आरोग्यावर काम करणारी 'संगाथ', मुंबईची संशोधन संस्था 'मंक प्रयोगशाळा' ही नावं यादीत ठेवा.

नुसतं 'रिसर्च असिस्टंट' शोधलंत तर निम्म्या जागा निसटतील. तेच काम प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, फील्ड इन्व्हेस्टिगेटर, रिसर्च कोऑर्डिनेटर अशा नावांनीही निघतं. 'रिसर्च असोसिएट'ला मात्र सरकारी निधीच्या प्रकल्पात साधारणपणे पीएच.डी. लागते, आणि स्वयंसेवी संस्थेत त्याच नावाच्या जागेला एम. ए. पुरतं. पदनाम नको, पात्रतेचा रकाना वाचा.

नेटचं म्हणाल तर आयसीएसएसआरच्या (सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) प्रकल्पात रिसर्च असिस्टंटला ३७,००० रुपये महिना मिळतात, पण सामाजिक शास्त्रात ५५ टक्के आणि शिवाय नेट, एम.फिल. किंवा पीएच.डी. हवी. त्याच प्रकल्पातल्या फील्ड इन्व्हेस्टिगेटरला २०,००० मिळतात, तिथे ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी चालते. ट्रस्टची रुग्णालयं आणि स्वयंसेवी संस्था बहुधा नेट मागत नाहीत. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणीही रुग्णांवर उपचार करण्यासाठी लागते, या कामाला नाही.

उलटा_गुण
यादी ठीक आहे, पण निवड अडते ती डेटावर. मुलाखतीत एक्सेलची मुद्दाम बिघडवलेली फाइल देऊन 'तासाभरात नीट करा' असं सांगणं आता सर्रास चालतं. त्यात काय दडवलेलं असतं? एकाच आयडीच्या दोन ओळी, वयाच्या रकान्यात २१० आणि न दिलेल्या उत्तराच्या जागी -९९. तो -९९ 'मिसिंग' म्हणून नोंदवला नाही तर सरळ सरासरीत मिसळतो.

सगळ्यात जास्त जण उलट विधानांवर पडतात. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनीत १० पैकी ५ विधानं नकारात्मक आहेत, म्हणजे त्यांना 'हो' म्हटलं तर आत्मसन्मान कमी. गुण १ ते ४ असतील तर त्या पाचांचे गुण ५ मधून वजा करायचे: १ चा ४, २ चा ३. हे राहिलं की अल्फा (मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो, क्वचित ऋणही येतो, आणि उमेदवार मापनीलाच दोष देत बसतो. अल्फा फारच कमी दिसला की आधी इथेच बघा.

एसपीएसएस येतं हे चांगलं, पण ते महाग आहे आणि पुष्कळ गट आर ही आकडेवारीची फुकट प्रोग्रॅमिंग भाषा वापरतात. जमोवी हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, त्यात बटणं दाबून केलेल्या विश्लेषणाचा आरमधला कोडही दिसतो. लघुप्रबंधाचंच विश्लेषण आरमध्ये पुन्हा करा, नावं-फोन काढून टाका आणि तो कोड अर्जासोबत द्या.

वाडी_वस्ती
मराठी येणं हे कौशल्य आहे, ते बायोडेटात स्पष्ट लिहा. महाराष्ट्रात घरोघरी मुलाखती घ्यायच्या प्रकल्पात त्यावरच निवड फिरते. पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मराठीत मोठ्याने वाचायचा सराव करा. प्रत्येक प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यांत' याला बांधलेला आहे, तो काळ दर दोन-तीन प्रश्नांनी पुन्हा सांगावा लागतो, नाहीतर माणूस आयुष्यभराचं सांगू लागतो. 'कामात रस वाटत नाही का?' असं सुचवून विचारायचं नाही, शब्द छापलेत तसेच वाचायचे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. 'तिथे उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं तर काय कराल?' हे मुलाखतीत विचारतातच. बेरीज कमी आली म्हणून पुढे जायचं नाही: तिथेच थांबून धोका किती आहे ते प्रकल्पाच्या ठरलेल्या पद्धतीने विचारायचं, सुपरवायझरला लगेच कळवायचं, नोंद करायची. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची नीतिमार्गदर्शक तत्त्वं, निदान संमतीचा भाग, वाचून जा.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. जाहिरात नसताना प्राध्यापकांना थेट ईमेल केला तर चालतो का? आणि नेट देऊ की आधी अर्ज करू?

सोमवारची_यादी
दोन्ही बरोबरच चालू दे. जून २०२४ पासून नेटमध्ये 'फक्त पीएच.डी. प्रवेश' हा तिसरा गट आहे. त्यातले गुण प्रवेशासाठी एक वर्ष धरतात, म्हणजे नोकरीचा आणि प्रवेशाचा मेळ त्या हिशेबाने घाला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका.

ईमेल चालतो, पण दीडशे शब्दांत. त्यांच्या एका लेखातली नेमकी कोणती गोष्ट तुमच्या कामाशी जुळते, तुम्हाला काय करता येतं, कधीपासून मोकळ्या आहात, एवढंच. तोच मजकूर वीस जणांना गेला की ओळखू येतो. बायोडेटा दोन पानी, एकच पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. पैसे भरून 'रिसर्च इंटर्नशिप' देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, त्या प्रमाणपत्राला निवड समितीपुढे काही वजन नसतं.

थेट मुलाखतीला जाताना मूळ गुणपत्रकं, झेरॉक्सचा स्वसाक्षांकित संच आणि जाहिरातीची प्रत बरोबर न्या. नोंदणीची वेळ संपली की आत घेत नाहीत, आणि प्रवासखर्च बहुधा मिळत नाही. करार किती महिन्यांचा, घरभाडे भत्ता धरलाय की वेगळा, आणि शोधनिबंधावर नाव येण्याचे निकष काय, हे तीन प्रश्न रुजू होण्याआधी विचारून ईमेलवर उत्तर घ्या.