घरातल्या गुपितांवरची क्राइम कादंबरी सुचवा ना

लोकहो, घरातलाच कुणीतरी खुनी आणि जुनी गुपितं हळूहळू बाहेर येतात असलं काहीतरी हवंय, ठाणे-सीएसएमटी रोजचा प्रवास आहे, मारधाड नको.

घोडबंदरकर: अगाथा ख्रिस्तीचं ‘क्रुकेड हाऊस’ घ्या डोळे झाकून! १९४९ चं आहे पण काय पकड आहे, म्हाताऱ्याच्या इन्सुलिनच्या बाटलीत त्याच्याच डोळ्यांचं औषध भरलेलं आणि सगळं खटलं एकाच घरात, मग प्रत्येकावरच संशय यायला लागतो.

कळवेकर: +१. त्यातली वहीत सगळं टिपून ठेवणारी जोसेफिन तर डोक्यातून जातच नाही. शेवट गूगल करू नका प्लीज!!

वाशीवाली: ठाण्यात आहात तर मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा, १८९३ पासूनची लायब्ररी आहे, अर्नाळकरांच्या रहस्यकथाही मिळाल्या तर सोडू नका.