लॅब्रॅडॉरची पिल्लं काढण्याआधी खुब्यांचा एक्स-रे: आपल्या खेड्यात हे जमण्यासारखं आहे का?

मोर्शीचा संत्रावाला

राम राम मंडळी. "आमच्या मादीला लॅबचा नर पाहिजे" अशी विचारणा आता दर आठवड्याला होते. रंग विचारतात, डोकं केवढं आहे ते विचारतात, केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) नोंदणीचा कागद विचारतात. खुब्याचं कोणीच विचारत नाही.

माझी पहिली मादी ओळखीतल्या नराशी जुळवली होती. दोघंही देखणे, एक्स-रे एकाचाही नाही. आठ पिल्लं झाली. सात दिली, एक ठेवला, शेरा. सातव्या महिन्यात तो विहिरीकडे पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. घरच्यांना ते गोड वाटायचं. मग एक दिवस पडवीतल्या टाइल्सवरून त्याला उठताना नीट पाहिलं. पुढच्या पायांनी अंग ओढायचा, मागचा भाग एका बाजूला घसरायचा, आणि उभा राहिला की मागचे पाय जवळजवळ चिकटलेले, सगळा भार छातीवर. नागपूरला एक्स-रे काढला. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा निम्मा उखळीबाहेर होता.

सातही घरी मी स्वतः फोन केले. आणखी दोन पिल्लं लंगडत होती.

तेव्हापासून माझा नेम आहे: नर आणि मादी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे झाल्याशिवाय जोडी लावायची नाही. माझं म्हणणं आहे की हे सगळ्यांनीच करावं. ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणानं सांगा.

दारव्ह्याचा कास्तकार

दादा, शेराचं वाचून जीव हळहळला. पण तुमचा नेम मले पटला नाही.

दारव्ह्यावरून नागपूर म्हणजे अख्खा दिवस. गाडीभाडं, कुत्र्याले उपाशी नेणं, भूल देणं, वरून एक्स-रेचा खर्च. सोयाबीन काढणीच्या दिवसात हे कोण करन? माह्या मादीचं मी एक वेळ करीन, नराच्या मालकाले कोण सांगन? तो म्हंते, "पाहिजे तर घ्या, नाही तर दुसरा गिऱ्हाईक हाये."

आणि एक्स-रे चांगला असलेल्या आई-बापालेही लंगडं पिल्लू होतेच ना? मग त्या कागदाचा उपयोग काय? माह्या मतानं खरा दोष टाइल्सचा अन् खाण्याचा. माह्या बापाच्या काळात कुत्री सारवलेल्या जमिनीवर वाढली, भाकर-ताक खाल्लं, दिवसभर वावरात फिरली. एकाचीही कंबर गेली नाही.

आर्वीकर

कास्तकार भाऊ, आमच्याकडे गवळाऊ जनावरं आहेत. पटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, गोऱ्हा घेताना आपण काय करतो? चालवून पाहतो, बसवून उठवतो, खूर पाहतो, त्याच्या मायची चौकशी करतो. सोबतचे गोऱ्हे कसे निघाले तेही विचारतो. बैलासाठी इतकं करतो, कुत्र्यासाठी नको?

पशुवैद्य, अकोला जिल्हा

आर्वीकरांची तुलना बरोबर आहे, पण एक फरक आहे. तरुण लॅब्रॅडॉरचे मांडीचे स्नायू दणकट असतात, त्यामुळे खराब खुबा असलेला कुत्राही दोन-तीन वर्षं झकास पळतो. चाल बघून खुबा कळेलच असं नाही.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. पिल्लू जन्मतं तेव्हा सांधा ठीकच असतो. नंतर ज्यांचे सांध्याभोवतीचे बंध सैल पडतात, त्यांच्यात गोळा उखळीत पक्का बसत नाही. तो हलत राहतो, कड झिजते, उखळ उथळ होते आणि पुढे संधिवात. हा सैलपणा एका जनुकामुळे येत नाही, अनेक जनुकांचा तो एकत्र परिणाम आहे. म्हणून चांगल्या आई-बापाला वाईट पिल्लू होऊ शकतं, हे कास्तकारांचं म्हणणं खरं आहे. पण सैल खुब्याच्या जोडीपोटी अशी पिल्लं जास्त निघतात, हेही तितकंच खरं.

तपासणीच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ पासूनची. तिथे अंतिम प्रमाणपत्र २४ महिन्यांनंतरच मिळतं आणि खुब्याचे एकूण सात दर्जे (प्रती) आहेत. वरच्या तीन, म्हणजे उत्कृष्ट, चांगला आणि बरा, या निर्दोष धरतात. मग सीमेवरचा, आणि त्याखाली दोषाच्या तीन. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात, दोन्ही मिळून जास्तीत जास्त १०६. गुण जितके कमी तितका खुबा चांगला. परीक्षेच्या गुणांची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. "आमच्या नराला ४० मिळाले" असं कोणी अभिमानानं सांगितलं तर त्या नरापासून दूर राहा. तिसरी पद्धत पेनहिप. यात गोळा उखळीतून किती बाहेर खेचला जातो ते मोजतात. सोळा आठवड्यांच्या पिल्लाचीही ती करता येते, पण त्यासाठी प्रशिक्षण घेतलेलाच डॉक्टर लागतो.

आता फोटोबद्दल. कुत्र्याला भूल देऊन उताणं झोपवतात, मागचे पाय सरळ ताणतात आणि गुडघ्याच्या वाट्या मध्यभागी येतील असे आत वळवतात. कंबर थोडी जरी तिरकी झाली तर एक खुबा चांगला आणि दुसरा वाईट दिसतो. घाईत काढलेला फोटो असला तर नसल्यासारखाच.

मादी माजावर असताना एक्स-रे काढू नका. संप्रेरकांमुळे सांधे सैल दिसू शकतात. माजाच्या आधी-नंतर तीन-चार आठवडे सोडा, पिल्लं दूध पिणं सोडल्यावरही तेवढेच थांबा. लोक नेमके जोडी लावायच्या आठवड्यात येतात.

दारव्ह्याचा कास्तकार

डॉक्टरसाहेब, खाण्याचं तुमी काहीच नाही बोलले.

पशुवैद्य, अकोला जिल्हा

बरोबर, ते राहिलं. त्या बाबतीत तुमचं पारडं जड आहे.

अमेरिकेत १९८७ साली ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक अभ्यास सुरू झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला पाव हिस्सा कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा दोष कमी दिसला, संधिवात उशिरा आला. त्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते, १३ वर्षं भरलं, भरपेट खाणाऱ्यांचं ११.२. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू समजतात, ती समजूत या जातीला फार महाग पडते. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमच्या बाटल्याही पाजू नका.

नॉर्वेतल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त आढळला, आणि शेतावर, मऊ जमिनीवर मोकळं वाढलेल्यांना कमी. म्हणजे तुमच्या वडिलांची सारवलेली जमीन आणि वावर दोन्ही योग्यच होते. पण त्यांची कुत्री गावठी होती भाऊ. सडपातळ, हलक्या अंगाची. तीस-पस्तीस किलोच्या लॅबशी त्यांची तुलना होत नाही.

वर्ध्याची ताई

मी पिल्लू विकत घेणाऱ्यांपैकी आहे. "गिऱ्हाईकच विचारत नाही" असं सर्रास ऐकू येतं. मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "ताई, याचा बाप चॅम्पियन आहे." मला वाटलं, चॅम्पियन म्हणजे सगळं तपासलेलं असेल. शोमध्ये दिसणं आणि चाल बघतात, हाडाच्या आतलं कोणी बघत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आमची राणी एक वर्षाची असताना मांडीच्या हाडाचा गोळाच काढून टाकावा लागला. ऑपरेशननंतर महिनाभर मी तिच्या कंबरेखाली टॉवेलची झोळी घालून तिला अंगणात नेत होते. ४६ डिग्रीच्या उन्हाळ्यात, पहाटे पाचला आणि रात्री दहाला. ती आता चालते. पण कापसाच्या गाडीमागे पळणारी राणी आम्हाला कधी मिळालीच नाही.

कास्तकार दादा, तुमचा एक दिवस आणि गाडीभाडं वाचतं, ते पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी घरी वसूल होतं.

दारव्ह्याचा कास्तकार

ताई, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण एक सांगा. आपल्या भागात लॅबचे चांगले नर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. त्यातले अर्धे एक्स-रेनं बाद केले, तर उरलेल्या दोन-तीन नरांचंच रक्त सगळीकडे फिरन. मग दुसरे रोग वर येतीन. तुमी सगळे एकाच सांध्याकडे पाहून राहिले.

मोर्शीचा संत्रावाला

हा मुद्दा मोलाचा आहे. मी "बरा" प्रतीचा कुत्रा बाद करा असं म्हणत नाही. त्याला "उत्कृष्ट" किंवा "चांगला" जोडीदार द्या, आणि दोघांची भावंडं कशी निघाली तेही पाहा, आर्वीकर गोऱ्ह्याबाबत करतात तसं. एकट्या आई-बापाच्या फोटोपेक्षा अख्ख्या वेताची माहिती जास्त सांगून जाते. उखळीबाहेर निघालेल्या गोळ्याचा नर मात्र वापरायचाच नाही, तो कितीही देखणा असो.

खर्चाचं म्हणाल तर एक्स-रे कुत्र्याच्या जन्मात बहुधा एकदाच. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे दीड वर्षाच्या आत मादीची जोडी लावता येत नाही आणि जन्मात पाचपेक्षा जास्त वेत घेता येत नाहीत. तो खर्च पाच वेतांवर वाटून पाहा. दीड वर्ष हा कायद्याचा किमान आकडा आहे. मी दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लावत नाही, कारण तोवर खुब्याचं खरं चित्र कळलेलं असतं.

आर्वीकर

नराच्या मालकाला मी सरळ सांगितलं होतं: एक्स-रेचे निम्मे पैसे माझे, रिपोर्ट तुझ्याकडेच ठेव. तो तयार झाला. रिपोर्ट चांगला आला, आता तो कोणीही विचारलं की आधी तोच दाखवतो.

दारव्ह्याचा कास्तकार

निम्म्या पैशाचं मी करून पाहीन. बाकी माह्या मताचा मी हावो, खाणं अन् जमीन पहिले.

डॉक्टरसाहेब, माही मादी आता एकोणीस महिन्यांची हाये. मागचा माज पोळ्याच्या आसपास येऊन गेला. तिचा एक्स-रे कधी काढू? अन् अकोला जवळ पडन का नागपूर?

पशुवैद्य, अकोला जिल्हा

पोळ्याला येऊन गेला म्हणजे पुढचा साधारण होळीच्या सुमारास. तेव्हा ती दोन वर्षांची होत असेल. ती खेप रिकामी जाऊ द्या. माज संपून महिना झाला की उन्हं चढण्याआधी सकाळी लवकर आणा, रात्रीपासून उपाशी. अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, तुम्हाला जी एसटी सोयीची पडेल तिथे. आधी फोन करून सांगा की खुब्याच्या तपासणीसाठीच फोटो हवा आहे, नुसता कंबरेचा नको. आणि त्याच भुलीत दोन्ही कोपरांचेही फोटो काढून घ्या.

दारव्ह्याचा कास्तकार

कोपरांचे कायले?

पशुवैद्य, अकोला जिल्हा

लॅबमध्ये कोपराचा सांधाही असाच बिघडतो, आणि तोही आई-बापाकडून येतो. त्यावर उद्या सवडीनं लिहितो, आत्ता एका म्हशीचं अडलंय, निघतो.