मदत हवी आहे: संडासाचं जुनं भांडं काढलंय, पुढं काय? (वडगाव, बेळगाव)

वडगावचा_माग:
अर्जंट आहे. आईचे गुडघे गेलेत, तिला उकिडवं बसता येईना, म्हणून जुनं भांडं फोडून कमोड बसवायचाय. गवंडी भांडं काढून गेला तो फोनच उचलेना. खाली चिनी मातीची वाकडी नळी आहे, तिच्यात पाणी दिसतंय. तिच्यावरच कमोड ठेवून सिमेंट मारलं तर चालेल का? मंगाईच्या यात्रेला घर भरून पाहुणे येणार. लवकर सांगा.

खडेबाजार_शहापूर:
कमोड खालून आउटलेटचा की मागून? भोक भिंतीपासून किती इंच? तळमजला की माडी? घरची टाकी की ड्रेनेज? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार?

अनगोळच्या_काकू:
कमोड कशाला रे बाळा? मधे भोक असलेली खुर्ची मिळते, ती भांड्यावर ठेवायची. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत तीच वापरत होत्या. फोडाफोड नाही, खर्च नाही.

वडगावचा_माग:
काकू, भांडं फोडून झालंय. तळमजला आहे. कमोड खालून आउटलेटचा. चालेल का तेवढं सांगा की.

खानापूर_घाट:
वास मारत असेल. ब्लीचिंग पावडर टाका, वर ॲसिड ओता, नळी चकाचक होते. आमच्याकडे पावसात खड्डा भरून पाणी उलटं वर येतं, तेव्हा एकाला खाली उतरवून उपसून घ्यावं लागतं.

टिळकवाडी_केमिस्ट्री:
अजिबात नको! ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात जीव जाईल. आणि टाकीत माणूस उतरवायचं तर बोलूच नका. आतल्या वायूने उतरणारा शुद्ध हरपून पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडी बोलवा, पंपाने उपसून नेतात.

खानापूर_घाट:
ॲसिड आम्ही कायम वापरतो ओ, काही झालं नाही.

टिळकवाडी_केमिस्ट्री:
नुसतं ॲसिड वेगळं. दोन्ही मिसळू नका एवढंच म्हणतेय.

निपाणी_साइट:
मूळ प्रश्नावर येऊया. ती वाकडी नळी म्हणजे ट्रॅप. त्यातलं पाणी टाकीतला वास अडवतं. जुन्या भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो, म्हणून तो खाली वेगळा बसवतात. कमोडच्या पोटात ट्रॅप असतोच. दोन ट्रॅप एकापाठोपाठ आले की मैला पुढं सरकत नाही, सारखा तुंबतो. त्यामुळं चालणार नाही. जुना ट्रॅप काढायचाच.

आधी पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला, त्याला दोरी बांधून दोरी बाहेर ठेवा. वास बंद होतो, खडी आत पडत नाही. छिन्नीने हळू फोडा. चिनी मातीचा कपचा काचेसारखा कापतो, हातमोजे आणि चष्मा घाला.

खडेबाजार_शहापूर:
छिन्नीने कशाला? विजेवर चालणारा फोडायचा ब्रेकर लावला की अर्ध्या तासात मोकळं.

निपाणी_साइट:
आणि पुढचा पाइपही चिरतो. जुना भाजक्या मातीचा असेल तर ब्रेकर जवळसुद्धा नेऊ नका.

सीमाभाग_वास्तू:
संडास ईशान्येला असेल तर हीच संधी आहे, जागाच बदला.

वडगावचा_माग:
जागा बदलणार नाही. निपाणीवाले अण्णा, पाइप मातीचाच आहे, ४ इंची. भोक भिंतीपासून साधारण १४ इंच. आता?

निपाणी_साइट:
कमोड साधारण ९ इंची असतो किंवा १२ इंची. टाइल्स लागल्यावरच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. तुमचा कुठला ते दुकानात विचारा आणि ११० मिमी पीव्हीसीने तोंड तिथं आणा. आडव्या पाइपला ४० इंचाला १ इंच उतार ठेवा.

मातीच्या पाइपचं सॉकेट, म्हणजे टोकाचं रुंद तोंड, शाबूत असेल तर पीव्हीसी आत घाला, फटीत सिमेंटच्या पाण्यात भिजवलेली सुतळी ठासा, वर सिमेंट-वाळू समसमान. पीव्हीसी गुळगुळीत असल्यानं सिमेंट धरत नाही. म्हणून त्या टोकाला आधी पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन लावून कोरडी वाळू भुरभुरा. सुकलं की एक बादली पाणी सोडा, सांधा पाझरत नाही ना बघा, मगच फरशी.

अनगोळच्या_काकू:
कमोडशेजारी भिंतीत धरायला दांडा बसव रे, आईला उठताना लागेल. टाइल्सच्या आधीच सांग गवंड्याला.

वडगावचा_माग:
दांडा डोक्यातच नव्हता काकू. गवंडी दुसरा बघतोय. वडगाव-शहापुरात मातीच्या पाइपचं काम येणारं कोणी असेल तर सांगा.