प्रथिन नुसतं सोबतीला नाही

"आरएनएज-पी मध्ये कापायचं काम आरएनएच करतो, मग प्रथिन हवंच कशाला?" हा प्रश्न फार चांगला आहे. (आरएनएज-पी हे पेशीतलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा घटक; जिवाणूंमध्ये ते एक आरएनए आणि एक प्रथिन मिळून बनतं.) त्यातला पहिला भाग बरोबरच आहे. ई. कोलाय या जिवाणूमधला हा आरएनए प्रथिनाशिवायही कच्च्या टीआरएनएचं (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा आरएनए) ५' टोकाचं, म्हणजे सुरुवातीचं, जादा शेपूट अचूक जागी कापतो, हे सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने १९८३ मध्ये दाखवलं. पण परीक्षानळीत मॅग्नेशियम भरपूर घातलं तेव्हा! पेशीत तेवढं मॅग्नेशियम मोकळं नसतं, आणि तिथे प्रथिन नसेल तर जिवाणू जगतच नाही.

मग ते करतं काय? आरएनए टीआरएनएचा घडी घातलेला भाग ओळखतो, तर प्रथिन त्या शेपटालाच धरतं, कापायच्या जागेपासून साधारण चार ते आठ न्यूक्लिओटाइडांवर (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांवर). मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते, की शेपूट कापलं गेलं की ही पकडही सुटते. त्यामुळे तयार टीआरएनए एन्झाइमला चिकटून बसत नाही आणि पुढच्या कच्च्या रेणूला जागा होते. शिवाय प्रथिनामुळे मॅग्नेशियमचे आयन नेमक्या जागी घट्ट बसतात.

जिवाणूंमध्ये असं एकच छोटं प्रथिन असतं. माणसाच्या पेशीकेंद्रकातल्या आरएनएज-पी मध्ये दहा. तिथेही प्रत्यक्ष कापतो तो आरएनएच. आपल्या मायटोकाँड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) मात्र हेच काम निव्वळ प्रथिनांचं एन्झाइम करतं, आरएनएशिवाय. त्यावर वेगळा धागा काढला तर मला लिहायला नक्की आवडेल.